डोंग्यातली सकाळ

मे महिन्यात माणसं महाबळेश्वरला जातात, माथेरानला जातात. मी झाडीपट्टीत जातो. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात माझं गाव आहे. तिथे मे महिन्यात दुपारी बारानंतर कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. 'या उन्हात कशाला जाता?' असं घरचे दरवर्षी विचारतात. मी 'आंबे' असं उत्तर देतो. खरं उत्तर आहे, तळं.

आमचा हा भाग तळ्यांचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून अशी हजारो जुनी तळी आहेत. ती निसर्गाने केलेली नाहीत, माणसांनी बांधलेली आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या जाणत्यांनी उताराची जमीन हेरली, दोन टेकड्यांच्या मधे मातीची पाळ घातली आणि पावसाचं पाणी अडवलं. नवेगावचा प्रचंड बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं आमच्याकडे परंपरेने सांगतात. पुढे ही तळी मालगुजारांच्या ताब्यात आली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तळी सरकारजमा झाली आणि त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' असं लांबलचक नाव पडलं. कागदोपत्री त्याचं 'मामा तलाव' झालं. सरकारी कागदातून चुकून आलेलं इतकं गोड नाव मला दुसरं माहीत नाही. मामाच्या गावाला जावं तसा मी या मामाकडे जातो.

२०२५ च्या मे महिन्यातल्या एका सकाळची गोष्ट आज सांगायची आहे.

माझा एक वर्गमित्र आहे. जातीने ढिवर, धंद्याने मासेमार. चौथीपर्यंत आम्ही एका पट्टीवर बसलो. मग मी पुढे शिकलो, बी. ए. झालो, कविता लिहायला लागलो. तो बापाबरोबर पाण्यात उतरला. आज तो गावच्या मासेमारांच्या संस्थेत आहे आणि त्याच्याकडे एक डोंगा आहे. डोंगा म्हणजे एकाच झाडाचं खोड आतून कोरून केलेली होडी. त्याला ना सुकाणू, ना शीड. रुंदी एवढीच, की दोन गुडघे कसेबसे मावावेत. त्यात बसायला धीर लागतो. मला तो साठीच्या उंबरठ्यावर आला.

फजरची अजान झाली तेव्हा तो दारात उभा होता. अंधारातच आम्ही पाळीवर पोहोचलो. वाटेत मोहाच्या झाडाखाली टोळंबी पडलेली, म्हणजे मोहाची फळं. उन्हाळ्याने तळं निम्म्याहून जास्त आटलं होतं. पाळीत जिथून शेताला पाणी सोडतात त्याला आमच्याकडे 'तुडूम' म्हणतात. ते दगडी तुडूम वरपासून खालपर्यंत उघडं पडलं होतं. पायऱ्या मोजून पाणी किती उरलं ते सांगता येत होतं. पाणी आता मधल्या खोलगट भागात गोळा झालं होतं आणि तळ्यावर जगणारा सगळा जीवही त्याच्याबरोबर तिथेच गोळा झाला होता. म्हणून तर उन्हाळ्यात यायचं. पावसाळ्यात तळं मोठं असतं, पण पाखरं शेताशेतांत पांगलेली असतात. उन्हाळ्यात सारा गाव एका विहिरीवर भेटावा तसं होतं.

"मधात बस. अन हालू नोको गा," मित्र म्हणाला.

मी बसलो. डोंगा डावीकडे कलला, उजवीकडे कलला, मग त्याला माझं वजन पटलं. मित्राने लांब बांबू तळाला टेकवला आणि आम्ही निघालो. वल्ह्याचा आवाज नाही, इंजिनाचा तर प्रश्नच नाही. बांबू पाण्यातून वर येताना थेंब पडत होते, तेवढाच काय तो आवाज.

मी म्हणालो, "किती शांत आहे!"

तो हसला. "शांत कोठं आहे? आइक तं खरा."

आणि मी कान दिले. आधी एक बारीक शिट्टी आली, मग अनेक शिट्ट्या. अडई बदकांचा थवा डोक्यावरून गेला. ही बदकं उडताना शीळ घालतात. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे पाहुणे मार्चपासूनच परतायला लागतात. अडई मात्र इथलीच, बारमाही. मग कमळांच्या पानांतून कोंबडी खाकरावी तसा आवाज आला. ती जांभळी पाणकोंबडी. तांबडं कपाळ, तांबडी चोच, अंगावर निळ्याजांभळ्या रंगाचा शालू. एका पायात कमळाचा देठ धरून ती तो सोलून खात होती, आपण ऊस धरतो तसा. पाण्यावर टिबुकल्या होत्या. डोंगा जवळ गेला की टुबुक्कन बुडी मारायच्या आणि भलत्याच ठिकाणी वर यायच्या. आपण इकडे बघत राहावं आणि त्यांनी तिकडून आपली गंमत पाहावी.

माझ्या पिशवीत मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' होता. चितमपल्ली वन अधिकारी म्हणून नवेगावला राहिले, तिथल्या माधवराव पाटलांचं बोट धरून जंगल शिकले आणि 'नवेगावबांधचे दिवस' लिहून त्यांनी आमचा हा कोपरा मराठीच्या नकाशावर आणला. आम्हाला आमच्याच पाखरांची नावं त्यांच्या पुस्तकांतून कळली, हे सांगताना थोडी लाजही वाटते. पुस्तक उघडून मी नावं जुळवत होतो. काळंभोर अंग आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला तो वारकरी. चोचीच्या बुडाशी लाल आणि टोकाला पिवळा रंग असलेलं ते हळदीकुंकू बदक. उंच लाल पायांचा तो शेकाट्या. माझ्या घरात हळदीकुंकू होत नाही आणि माझे वाडवडील कधी पंढरीच्या वारीला गेले नाहीत. पण ही नावं वाचताना मला कुठल्याही पाखराने परकं मानलं नाही. मराठी मी शाळेत शिकलो खरी, पण ती माझी झाली ती याच पाळीवर.

तेवढ्यात समोर एक काळापांढरा पक्षी हवेत एका जागी थांबला. पंख वेगाने फडफडताहेत, चोच खाली रोखलेली, जणू वरून कुणी दोरीने टांगलाय. क्षणभर थांबला आणि दगडासारखा पाण्यात पडला. वर आला तेव्हा चोचीत चांदीचा तुकडा होता.

मी पुस्तकात पाहिलं आणि मित्राला म्हणालो, "याचं नाव माहीत आहे? कवड्या धीवर."

"धीवर?" त्याने बांबू थांबवला. "म्हंजे आमच्याच जातीचा?"

"तुमच्याच."

तो जरा वेळ त्या पक्ष्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "त्याले लीजचे पैसे भराव लागत नाही."

या एका वाक्यात त्याच्या समाजाचा सगळा हिशेब होता. तळ्यातल्या मासेमारीचा हक्क संस्थेला पैसे भरून घ्यावा लागतो. पैसे भरायचे तर उत्पन्न हवं. उत्पन्न हवं म्हणून बाहेरून कतला, रोहू, मृगल यांचं बीज आणून सोडायचं. ते मासे लवकर वाढतात, बाजारात चालतात. पण त्या नादात गावठी मासे मागे पडले. मरळ, शिंगी, मागूर, झिंगे. हे मासे कुणी आणून सोडावे लागत नव्हते, ते आपले आपण होत असत. त्यांना फक्त पाण्यातली झाडंझुडपं हवीत, अंडी घालायला आणि लपायला. तीच कमी झाली. गाळ भरला. काठावर बेशरम माजली. गुलाबी फुलांची ही झुडपं दिसायला बरी, पण नाव सार्थ करणारी. कापा, जाळा, पुन्हा उगवतात. गाईगुरं तिला तोंड लावत नाहीत आणि तिच्याखाली दुसरं काही वाढत नाही. मासे कमी झाले की मासे खाणारी पाखरं कमी होतात आणि पाखरांच्या आधी ढिवर गाव सोडतो. माझ्या मित्राचे दोन भाऊ असेच गेले.

पण गोष्ट तिथे संपली नाही. आमच्या तालुक्यात आणि शेजारच्या भंडारा जिल्ह्यात काही गावांतल्या ढिवरांनी, त्यातही बायकांनी, गेल्या काही वर्षांत उलटी वाट धरली. उन्हाळ्यात तळ्याचा जो भाग उघडा पडतो तिथली बेशरम त्यांनी मुळासकट उपटली. जमीन नांगरली. पाऊस पडून पाणी चढायला लागलं की चांगल्या तळ्यांतून आणलेल्या पाणवनस्पती तिथे लावल्या. काही पाण्याखाली वाढणाऱ्या, काही पाण्यावर पानं पसरणाऱ्या, काही काठावरच्या. भातरोवणीची सवय असलेले हात ते. तळ्यात रोवणी करायची, एवढाच फरक. हळूहळू गावठी मासे परतले, त्यांच्यामागे पाखरं परतली. आमच्या गावातही हे झालं. मित्राची बायको त्यात पुढे होती. "लोक हासत होते," तो म्हणाला. "म्हनत, धानाचं रोवना झालं, आता पान्याचं रोवना चालू झालं."

आता उजाडलं होतं. डोंगा कमळवनाच्या कडेने सरकत होता. रुंद पानांवरून एक कमळपक्षी चालत होता, बोटं इतकी लांब की वजन वाटलं जातं आणि पान बुडत नाही. यांच्यात अंडी उबवतो नर, पिल्लं सांभाळतो नर. मादी अंडी देते आणि दुसऱ्या नराकडे जाते. मी हे पुस्तकातलं ज्ञान मित्राला ऐकवलं. त्याला ते आधीपासून ठाऊक होतं. तो म्हणाला, "बाईमानसानं आरामात राहाव अशी एकच जागा देवानं केली, अन ते बी पान्यात."

पलीकडच्या काठावर, चिखलात, दोन उंच आकृत्या उभ्या होत्या. राखी अंग, तांबडी मान. सारस. माणसाच्या खांद्याला लागेल एवढा उंच हा पक्षी महाराष्ट्रात आता प्रामुख्याने आमच्या गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे, आणि तोही इतका थोडा की दरवर्षी एकेक करून मोजता येतो. विजेच्या तारांना धडकून काही मरतात, शेतातल्या औषधांनी काही. पावसाळ्यात ते धानाच्या बांधीत किंवा तळ्याच्या उथळ पाण्यात घरटं करतात. आमच्याकडचे कितीतरी शेतकरी घरट्यापुरतं धान सोडून देतात आणि अंड्यांची राखण करतात. उन्हाळ्यात बांध्या कोरड्या पडल्या की सारस तळ्यावर येतात, चिखलातले कंद उकरून खातात. त्या दोघांनी एकदा माना वर करून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागले. मित्राने आपणहून डोंगा वळवला. "त्याईच्या जवर नाही जायचं," एवढंच म्हणाला.

वळल्यावर थोड्याच अंतरावर पाणी विचित्र दिसलं. वारा नव्हता, ढग नव्हता, पण पाण्याच्या एका तुकड्यावर बारीक पाऊस पडावा तसं टिपटिप चाललं होतं. जवळ गेलो तर पाण्याखाली लालसर, केशरी रंगाचा एक ढग हलत होता. मरळीची पिल्लं. शेकडो, कदाचित हजारो. मरळीला पाण्याबाहेरची हवा लागते, तिची पिल्लंही श्वासासाठी वर येतात. तेच ते टिपटिप. आणि ढगाच्या खाली, नीट पाहिलं तर, एक गडद लांब सावली. मरळ आपल्या पिल्लांना सोडून जात नाही. काही आठवडे त्यांची राखण करते. बेडूक आला, मासा आला, पाणसाप आला, अंगावर धावून जाते.

आणि म्हणूनच ती सगळ्यात सोपी शिकार असते.

श्रोतेहो, हे मला ठाऊक आहे, कारण ती शिकार मी केलेली आहे. १९७८-७९ ची गोष्ट असेल. मी अकरा-बारा वर्षांचा होतो. याच तळ्यावर, याच मित्राबरोबर. लाल पिल्लं दिसली तेव्हा गळाला बेडकी लावून त्यांच्या मधोमध सोडायची कल्पना माझी होती. तो 'नको' म्हणाला होता. मी त्याला भित्रा म्हणालो. मग त्यानेच गळ टाकला, कारण मला टाकता येत नव्हता. मरळ भुकेने आली नाही, रागाने आली. दोन हात लांब मासा. अम्मीने चिंच घालून रस्सा केला. अब्बांनी बोटं चाटून खाल्ला. एक वाडगा मित्राच्या घरी पाठवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे गेलो. लाल ढग निम्मा झाला होता. टिबुकल्या त्यात बुड्या मारत होत्या. तिसऱ्या दिवशी तिथे नुसतं पाणी होतं.

त्या संध्याकाळी मित्राला त्याच्या बापाने मारलं. फार मारलं. आमच्या अंगणात आवाज येत होता. मी कांबळं डोक्यावरून घेऊन पडून राहिलो. दुसऱ्या दिवशी त्याच्या पाठीवर वळ होते, पण तो मला एक शब्द बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. माझी खात्री झाली की त्याने माझं नाव सांगितलं नाही, माझा मार स्वतः खाल्ला. पुढे मी त्याच्यावर कविता लिहिली. मित्राने झेललेल्या माराची कविता. माझ्या पहिल्या संग्रहात ती आहे, लोकांना आवडते, संमेलनांत मी ती वाचतो. त्याला मात्र ती कधी दाखवली नाही. माफीही मागितली नाही. पंचेचाळीस-शेहेचाळीस वर्षं हे ओझं घेऊन मी त्याच्या घरी चहा पीत आलो.

त्या सकाळी, लाल ढगाच्या शेजारी, डोंग्यात दोघंच असताना, मला राहवलं नाही. म्हटलं, "तुला आठवतं? आपण मारलेली मरळ?"

"आठवते ना."

"तू माझं नाव सांगितलं नाहीस. माझ्यासाठी मार खाल्लास. मी कधी तुला..."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग असा हसला की डोंगा हलला.

"कोन म्हनते नाही सांगतलो? पयलेच झटक्यात तुजं नाव सांगतलो!"

मला काय बोलावं कळेना.

"तुज्या अम्मीचा रस्सा बापानं खाल्ला अगोदर," तो सांगत होता. "म्हने मेलेल्याले वाया घालू नाही. दोन दिवसानं त्याले खबर लागली का पिल्लाईवरची मरळ होती. मी म्हनलो, त्यानं सांगतलं होतं. तं बाप म्हने, त्याले का मालूम? त्याच्या घरी कोन पान्यात उतरते? तुले तं मालूम होतं ना? मंग मार तुलेच भेटंन."

असं म्हणून त्याने बांबू टेकवला आणि डोंगा त्या लाल ढगाला मोठा वळसा घालून नेला. पिल्लांवर सावलीसुद्धा पडू दिली नाही. त्याच्या पिशवीत गळ होता. ती मरळ त्या दिवशी बाजारात चांगल्या पैशाला गेली असती आणि त्याच्या घरी पैशाची चणचण आहे, हे मला ठाऊक आहे. त्याने तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलंही नाही.

ऊन चढायच्या आत आम्ही काठाला लागलो. पाणकावळे पंख पसरून खुंटांवर वाळत बसले होते. पाळीवर बायका कपडे धुवायला येत होत्या. आमचा डोंगा पाहून कुणी म्हणालं, "कवीले फिरवून आनला का?" तो म्हणाला, "हो, पान्यात पडला नाही."

मी परत आलो, त्यानंतर महिनाभरात, १८ जून २०२५ ला चितमपल्ली गेले. त्या दिवशी 'पक्षिकोश' पुन्हा काढला. धीवर पक्ष्याच्या पानावर माझ्या ओल्या बोटाचा डाग राहिला होता. मला मित्राच्या बापाचं वाक्य आठवलं. तो निरक्षर माणूस होता. त्याने कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, पण त्याचा न्याय साधा होता. ज्याला माहीत नाही, त्याला माफ. ज्याला माहीत आहे, त्याच्याकडून हिशेब घ्यायचा.

मी आता ती कविता संमेलनात वाचत नाही. ती खोटी आहे म्हणून नव्हे. तिच्यात मला माफी मिळाली होती, आणि ती अजाणपणाची माफी होती. आता मला वारकरी ठाऊक आहे, अडई ठाऊक आहे, सारस किती उरलेत ते ठाऊक आहे, बेशरमीखाली काय मरतं आणि ती उपटायला किती हात लागतात तेही ठाऊक आहे. पाळीवर उभं राहून 'किती शांत तळं' म्हणायची सोय आता मला राहिलेली नाही. पुढच्या उन्हाळ्यात मित्राच्या बायकोने बेशरम उपटायला बोलावलं आहे. कंबर धरते, असं मी सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "डोंग्यात बसाले कंबर चालते नं भाऊजी? मंग चिखलात बी चालंन."

जाणार आहे.